मावशीने डोस डबल केला: सोयातलं जेनिस्टीन आणि हाडाच्या पेशी

मावशी लातूरला असते, वय ५६, पाळी जाऊन सहाएक वर्षं झालीत. मध्ये डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजणारा) केला त्यात मणक्याचा टी-स्कोअर उणे १.९ आला. उणे १ पर्यंत नॉर्मल धरतात, उणे २.५ किंवा त्याच्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, आणि जे मधे अडकतात त्यांना ऑस्टिओपेनिया म्हणतात, तर मावशी तिथे अडकली. डॉक्टरांनी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, रोज चालायचं, पुढे परत स्कॅन, असं सगळं नीट लिहून दिलं होतं. पण भिशीतल्या एकीने तिला सोया आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली, सोबत एक घडीपत्रक, त्यावर 'हाडं घडवणाऱ्या पेशींची वाढ, प्रयोगशाळेत सिद्ध'. दोन महिने रोज एक घेतली आणि मग आपल्याच मनाने दोन सुरू केल्या.

मला फोनवर म्हणते, "अगं तू त्या पेशीबिशी वाढवतेस ना, मग सांग, एकीनं वाढतंय तर दोननं जास्त नाही का वाढणार?"

मी पुण्यात एका लॅबमध्ये सेल कल्चर करते, डॉक्टर नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. तेव्हा हसूनच "थांब, बघून सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला, पण ठेवल्यावर लक्षात आलं की हिने जो प्रश्न विचारलाय त्याचं उत्तर पत्रक छापणाऱ्यालाही देता आलं नसतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे थिसिस लिहिणाऱ्या निम्म्या पोरांनाही नाही. आणि नेमकं सोयातल्या जेनिस्टीन ह्या मॉलिक्यूलवर ह्या प्रश्नाचं उत्तर २००३ मध्ये देऊन झालंय. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात लिहितेय.

आधी मॉलिक्यूल. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य एक म्हणजे जेनिस्टीन. नाव सोयावरून नाही, युरोपात कापड पिवळं रंगवायला वापरायचे त्या जेनिस्टा टिंक्टोरिया नावाच्या झुडपावरून पडलंय, त्यातून ते १८९९ मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं, सोयात सापडलं १९३१ मध्ये. आकार असा की इस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनच्या रिसेप्टरमध्ये (पेशीतली हार्मोन बसायची जागा) जाऊन बसतं, म्हणून ह्या मंडळींना फायटोइस्ट्रोजेन म्हणतात. वनस्पतीतलं इस्ट्रोजेन म्हणजे काहीतरी सौम्य, घरगुती असं वाटतं लोकांना, पण १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभणच राहीनात, कारण शोधलं तर कुरणातलं क्लोव्हर, म्हणजे ह्याच घराण्यातली आयसोफ्लेवोन पोटभर खाऊन तसं झालेलं. डोस हा विषय तिथूनच सुरू होतो खरं तर.

(लातूरकरांसाठी जाता जाता: बाजार समितीत सोयाबीनचे एवढे ढीग लागतात, पण तेल काढलं की आयसोफ्लेवोन तेलात जवळपास येतच नाहीत, सगळी पेंडेत राहतात. आपण तेल खातो आणि पेंड जाते कोंबड्यांना.)

आता २००३ चं काम. नेदरलँड्समधल्या लायडनच्या गटाचं, काही फ्रेंच लोक सोबत. त्यांनी केएस४८३ नावाच्या उंदराच्या पेशी घेतल्या, आणि ही निवड हाच त्या प्रयोगातला सगळ्यात हुशार भाग आहे असं माझं मत. कारण बहुतेक जण काय करतात, एमजी-६३ किंवा साओस-२ घेतात, ह्या हाडाच्या कॅन्सरमधून आलेल्या पेशी, त्या आधीच हाडवाल्या ठरलेल्या आणि कॅन्सरच्या असल्यामुळे तशाही बेफाम वाढणाऱ्या. केएस४८३ चं तसं नाही, त्यांचं अजून ठरायचंय. दहावी झालेलं पोरगं असतं ना, सायन्स घेणार की कॉमर्स, तसं. एकाच बशीत त्या हाड घडवणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओब्लास्ट होऊ शकतात किंवा चरबीच्या पेशी होऊ शकतात. आपल्या अस्थिमज्जेत हीच रस्सीखेच जन्मभर चालू असते, वय वाढतं तशी मज्जेत चरबी वाढते आणि हाड कमी पडतं.

तर ह्या पेशींना वेगवेगळ्या डोसला जेनिस्टीन दिलं. १ मायक्रोमोलर (द्रावण किती दाट ते सांगायचं माप) आणि त्याखाली ते अगदी इस्ट्रोजेनसारखं वागलं, हाडाकडे जाणाऱ्या पेशी वाढल्या, चरबीकडे जाणाऱ्या कमी झाल्या. घडीपत्रकावर छापायला हेच हवं असतं. पण डोस १० मायक्रोमोलरच्या वर गेला आणि चित्र पूर्ण उलटं झालं, चरबी वाढली आणि हाड घटलं. म्हणजे 'जास्त झालं म्हणून विषारी ठरलं, पेशी मेल्या' असा प्रकार नव्हे हा, पेशी जिवंत आहेत, कामही करतायत, फक्त दुसरंच काम करतायत. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो कारण पोरं ग्राफ खाली आला की सरळ 'टॉक्सिसिटी' लिहून मोकळी होतात.

असं का झालं ते त्यांनी खणून काढलं. जेनिस्टीन एकाच रिसेप्टरला चिकटत नाही. इस्ट्रोजेनचे रिसेप्टर दोन, अल्फा आणि बीटा, त्यातला बीटा १९९६ मध्ये सापडला आणि जेनिस्टीनची ओढ त्याच्याकडे जास्त. ही ओढ एवढी की थोडक्यातही काम होतं. पण ते आणखी एका रिसेप्टरला चिकटतं, पीपीएआर गॅमा, हा चरबीच्या पेशी बनवण्याचा मुख्य स्विच. त्याच्याशी पकड सैल आहे, त्यांनी मोजलेला आकडा ५.७ मायक्रोमोलर, म्हणजे साधारण तेवढं जेनिस्टीन जमल्याशिवाय तो स्विच नीट दाबला जात नाही. कमी डोसला एकच दार उघडतं, जास्तीला दोन्ही. आणि गंमत म्हणजे दोन्ही दारं उघडल्यावर ती एकमेकांना ढकलतात पण, पीपीएआर गॅमा चालू झाला की इस्ट्रोजेनवालं काम खाली येतं आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर चालू असला की पीपीएआर गॅमाचं. शेवटी पेशी कुठे जाणार हे त्या दोघांच्या तोलावर ठरतं. इस्ट्रोजेनचं काम तिकडे डोसप्रमाणे वाढत असतानाही हाड घटू शकतं ते ह्यामुळे, आणि कोणी फक्त तेवढंच मोजलं असतं तर त्याला वाटलं असतं की वा, डोस वाढवू तेवढं छान.

पीपीएआर गॅमा हे नाव अगदीच पुस्तकी वाटत असेल तर घरातल्या डायबेटिसच्या गोळ्यांचा डबा बघा, पायोग्लिटाझोन ह्याच स्विचवर काम करतं. तिचीच बहीण रोसिग्लिटाझोन, तिच्यावर आपल्याकडे २०१० मध्ये बंदी आली (हृदयाच्या कारणावरून, हाडाच्या नाही), पण त्याआधीच मोठ्या ट्रायलमध्ये दिसलं होतं की ती घेणाऱ्या बायकांमध्ये फ्रॅक्चर जास्त होतायत. म्हणजे हा स्विच दाबला की हाडाला फटका बसतो हे फक्त उंदराच्या पेशींपुरतं नाहीये.

एवढ्यावरच थांबलं नाही कारण जेनिस्टीन अजून एक उद्योग करतं, टायरोसिन कायनेज नावाची एन्झाइम्स बंद करतं. हे १९८७ पासून माहीत आहे, आणि जिवंत पेशीत हे दिसायला बऱ्यापैकी जास्त डोस लागतो, १० मायक्रोमोलरच्या बराच वर. तिथे गेलात की पेशींची वाढच थांबते. मग हाड पण नाही, चरबी पण नाही.

उंदरांचं बघायचं तर अमेरिकेत १९९८ मध्ये बीजांडकोश काढलेल्या रॅट माद्यांना रोज ०.५, १.६ आणि ५ मिलिग्रॅम असं जेनिस्टीन देऊन बघितलं होतं, त्यात हाड सगळ्यात चांगलं टिकलं ते ०.५ वाल्यांत, वरच्या डोसमध्ये फायदा कमी कमी होत गेला. हे लायडनच्या पाच वर्षं आधीचं आहे. म्हणजे प्राण्यात आधी दिसलं, कारण मागाहून कळलं.

आता मावशीच्या कॅप्सूलकडे यायचं तर मधे एक हिशेब करावा लागतो जो पत्रकवाले कधीच करत नाहीत. जेनिस्टीनचं मॉलिक्युलर वजन २७० च्या आसपास, म्हणजे १ मायक्रोमोलर म्हणजे मिलिलिटरमागे ०.२७ मायक्रोग्रॅम, १० मायक्रोमोलर म्हणजे २.७. समजा ५४ मिलिग्रॅम जेनिस्टीन गिळलं आणि चमत्कार होऊन सगळंच्या सगळं शरीरातल्या ३५ लिटर पाण्यात सारखं विरघळलं, तर पातळी येते साडेपाच-पावणेसहा मायक्रोमोलर. पण चमत्कार होत नाही. आतड्यात आणि लिव्हरमध्ये शरीर त्याला ग्लुकुरोनाइडची शेपटी लावतं, रक्तात फिरतं ते बहुतेक शेपटीवालं आणि शेपटीवाल्याची रिसेप्टरवरची पकड ढिली, मोकळं जेनिस्टीन अगदी थोडं. अशा डोसनंतर रक्तात एकूण मोजलं तरी एकदोन मायक्रोमोलरच्या घरात सापडतं. म्हणजे मावशीने दोन कॅप्सूल घेतल्या म्हणून तिच्या हाडात चरबी भरायला लागली असं अजिबात नाही, हे तिला मी पहिल्यांदा सांगितलं, नाहीतर ती रात्रभर झोपली नसती. पण मग त्याच न्यायाने पत्रकातला दावाही तिच्या हाडाला लागू होत नाही ना! बशीतला तोटा आपल्यापर्यंत पोचत नाही म्हणून सोडून द्यायचा आणि बशीतला फायदा मात्र जसाच्या तसा पोचतो म्हणून छापायचा, हे नाही चालणार.

त्यात लेबलची भानगड वेगळी. सोयात जेनिस्टीन मोकळं नसतं, साखर चिकटलेलं असतं, त्याला जेनिस्टिन म्हणतात (हो, नावात फक्त वेलांटीचा फरक, ज्याने ठेवलं त्याला काही बोलायचं नाही मला). त्याचं वजन ४३२. म्हणजे ५४ मिलिग्रॅम मोकळं जेनिस्टीन हवं तर साखरवालं ८६ मिलिग्रॅम लागेल. मावशीने बाटलीचा फोटो पाठवला, त्यावर 'सोया एक्स्ट्रॅक्ट, ४०% आयसोफ्लेवोन'. कुठलं, साखरेसकट की बिनसाखरेचं, त्यात जेनिस्टीन किती आणि डाइडझीन (सोयातलं दुसरं आयसोफ्लेवोन) किती, काही नाही. दोन कॅप्सूल म्हणजे कशाचं डबल केलं तेच कळायला मार्ग नाही.

बायकांवर काय झालं, तर तिथे चित्र सरळ नाही. इटलीत ३८९ ऑस्टिओपेनियावाल्या, पाळी गेलेल्या बायकांना रोज ५४ मिलिग्रॅम मोकळं जेनिस्टीन दोन वर्षं दिलं, सोबत सगळ्यांनाच कॅल्शियम आणि डी, २००७ मध्ये निकाल आला आणि हाडाची घनता जेनिस्टीनवाल्यांत वाढलेली दिसली. मावशीच्याच वर्गातल्या बायका ह्या, त्यामुळे हे वाचून मला वाटलं की घे बाई. पण २०११ मध्ये अमेरिकेतून, मायामीचा निकाल आला, २४८ बायका, पाळी जाऊन पाच वर्षांच्या आतल्या, रोज २०० मिलिग्रॅम सोया आयसोफ्लेवोन, त्यात जेनिस्टीन ९१ मिलिग्रॅम, दोन वर्षं. हाडाची झीज थांबली नाही. वर अंगातून वाफा येण्याची तक्रार उलट सोयावाल्यांतच जास्त. ह्या दोघांचा फरक फक्त डोसमुळे असं मी म्हणणार नाही, बायका वेगळ्या, सुरुवातीचं हाड वेगळं, एकीकडे शुद्ध जेनिस्टीन आणि दुसरीकडे डाइडझीनसकट मिश्रण, पण 'जास्त दिलं तर जास्त फायदा' ह्याला तरी ह्यातून काही आधार मिळत नाही. आणि त्याआधी २००१ मध्ये इप्रिफ्लेवोन, हे ह्याच साच्याचं पण कारखान्यात बनवलेलं, रोज तीनदा २०० मिलिग्रॅम, ४७४ बायका, तीन वर्षं: हाडाला फायदा शून्य आणि २९ जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी कमी झाल्या.

आता माझ्या धंद्यातलं थोडं, कारण ह्या प्रकरणाची मला खरी खाज इथे आहे. मावशीच्या बाटलीशेजारी हाडजोडची पण डबी निघाली (आपल्याकडची कांडवेल, चौधारी वेल असते ती, मोडलेल्या हाडावर बांधतात, लाक्षादि गुग्गुळातही ती असते). हाडजोडवर काम जुनं आहे, बनारसला डॉ. के. एन. उडुपांच्या गटाने १९६० च्या दशकात प्राण्यांच्या फ्रॅक्चरवर केलं होतं, ते मी हसण्यावारी नेत नाही. पण पेशींवरचे अलीकडचे पेपर उघडले की मिलिलिटरमागे १००, २००, ३०० मायक्रोग्रॅम असे डोस दिसतात. ३०० घ्या, माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) असतो साधारण ३ लिटर, म्हणजे ९०० मिलिग्रॅम अर्क एक कणही वाया न जाता थेट रक्तात पाहिजे. ५०० च्या कॅप्सूलने हे कसं व्हायचं? आणि जेनिस्टीन हा एक मॉलिक्यूल होता तरी त्याचे तीन-तीन उद्योग निघाले, अर्कात तर डझनांनी मॉलिक्यूल, प्रत्येकाचा चढ-उताराचा ग्राफ वेगळा, आणि आपण त्या सगळ्यांची बेरीज बघून म्हणतो 'अर्काचा परिणाम'. पेट्रोलियम इथरने काढला तर वेगळी बेरीज, अल्कोहोलने काढला तर वेगळी.

आणि मोजमापातच फसायला होतं ते वेगळंच. एमटीटी नावाची टेस्ट सगळे करतात, पिवळं द्रावण घालायचं, जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, ५७० नॅनोमीटरला वाचायचं, जांभळं जास्त म्हणजे पेशी जास्त. पण व्हिटॅमिन सी आणि फ्लेवोनॉइडवाले अर्क पेशी नसतानाही ते जांभळं करून ठेवतात. हाडजोडमध्ये व्हिटॅमिन सी असतंच. म्हणून माझ्याकडे कोणी 'पेशी दीडपट झाल्या' असा ग्राफ आणला की मी आधी विचारते, बिनपेशीच्या वेलमध्ये (म्हणजे प्लेटमधल्या खळग्यात) अर्क टाकून वाचलं का? नव्वद टक्के वेळा तोंड उतरतं. जेनिस्टीनचं तर ह्याहून भारी, १९९३ मध्येच छापून आलंय की ते कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवतं आणि त्याच वेळी एमटीटीचं जांभळं वाढवतं, म्हणजे पेशी कमी आणि रीडिंग जास्त! हे ठाऊक नसेल तर माणूस छातीठोकपणे उलटा निष्कर्ष लिहील. पेशी मोजायच्या असतील तर डीएनए मोजा, नाहीतर सरळ ट्रिप्सिन ह्या एन्झाइमने बशीपासून सोडवून काउंटिंग चेंबरमध्ये घालून मायक्रोस्कोपखाली मोजत बसा, कंटाळवाणं आहे पण खरं आहे.

हाड बनतंय का हे बघायला अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडवणाऱ्या पेशींचं एन्झाइम) मोजतात आणि मग २१ दिवसांनी अलिझारिन रेड ह्या रंगाने साठलेल्या कॅल्शियमचे लाल डाग, त्यातही मीडियममध्ये (पेशी वाढतात त्या द्रवात) आपणच व्हिटॅमिन सी मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम घातलेलं असतं कारण त्याशिवाय कोलॅजन नीट बनत नाही, मग अर्कातून आणखी गेलं तर तो परिणाम झाडाचा की व्हिटॅमिन सीचा? अर्क विरघळवायला डीएमएसओ वापरतो तेही डोस वाढवताना नकळत वाढतं, सगळ्या वेलमध्ये सारखं ठेवायला लागतं. आणि पॉलिफेनॉलवाले अर्क मीडियममध्ये नुसते पडूनही हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, मग वरच्या डोसला पेशी मेल्या त्या अर्काने की पेरॉक्साइडने, देव जाणे. लायडनवाल्यांचं मला कौतुक ह्यासाठी की त्यांनी डोस मोठ्या पट्ट्यात घेतले, हाड आणि चरबी दोन्ही बघितलं, आणि ग्राफ वळला तिथे थांबून कारण शोधलं. १, ५ आणि १० असे तीन डोस घेऊन फक्त हाडच मोजलं असतं तर हे सापडलंच नसतं.

मावशीला ह्यातलं किती सांगायचं हा प्रश्नच होता. मी म्हटलं, "दुप्पट घेऊन दुप्पट होईल असं कुठेच दिसत नाही, आणि तुझ्या बाटलीत नक्की काय आहे हे बाटलीलाच माहीत नाही. दोन्ही डब्या घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि आणखी जे जे गिळतेस ते पण ने."

"आणि पत्रकावर सिद्ध लिहिलंय ते?"

"ते उंदराच्या पेशीत सिद्ध आहे मावशी, आणि ते पण अर्धंच छापलंय."

गेली ती बाबा एकदाची, पिशवी भरून. डॉक्टरांनी जेनिस्टीन वगैरे काही काढलंच नाही. त्यांनी पिशवीतून थायरॉइडच्या गोळीची बाटली उचलली आणि विचारलं ही केव्हा घेता. मावशी म्हणाली सकाळी सातला, सगळ्या एकदमच घेते, चहाबरोबर, म्हणजे विसरायला होत नाही. थायरॉइडची, कॅल्शियमची, सोयाच्या दोन आणि हाडजोड, एक मूठ. कॅल्शियम आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही, सोयानेही तसाच अडथळा येऊ शकतो, आणि चहा-कॉफीनेही. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करायला सांगितलं. सोयाच्या कॅप्सूल तूर्तास बंद, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, थायरॉइडची गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर.

मी एवढे दिवस मायक्रोमोलर मोजत बसले होते आणि ती मूठ मला सुचली पण नव्हती. टीएसएचचा रिपोर्ट सोमवारी येईल.